टोकन नंबर किती?

'आपले सेशन समाप्त झाले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.'

इतकं नम्र आणि इतकं कोडगं वाक्य मराठीत दुसरं नसेल. 'समाप्त झाले आहे' म्हणजे जणू एखाद्या पोथीचं पारायण समाप्त झालं, आता प्रसाद घ्या आणि घरी जा! समाप्त कुणी केलं, का केलं, मधल्यामधे आमच्या पैशांचं काय झालं, याबद्दल चकार शब्द नाही. वर पुन्हा 'कृपया' आहेच. आमच्या बँकेत संध्याकाळी कॅशमध्ये चाळीस रुपयांचा फरक निघाला, तर आम्ही 'फरक आला आहे, कृपया उद्या या' अशी पाटी लावून घरी जात नाही. नोटांची बंडलं पुन्हा सुटतात, व्हाउचरांवर पुन्हा टिका होतात, शिपाई तिसऱ्यांदा चहा आणतो आणि फरक सापडल्यावरच तिजोरीला किल्ली लागते. चाळीस रुपयांसाठी! आणि इकडे कुणाच्या तरी लेकीच्या फीचे पैसे अधांतरी सोडून एक प्रोग्राम खुशाल म्हणतो, समाप्त.

तेव्हा हा लेख भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. भांडण जावा नावाच्या भाषेत वेबसाइटी लिहिणाऱ्या तमाम मंडळींशी आहे आणि मुद्दा एकच आहे. सेशनचा ताळा पाहिल्याशिवाय प्रोग्राम ग्राहकाच्या हाती देऊ नका. आणि 'सेशनची टेस्ट लिहिताच येत नाही' ही थाप आता बंद करा.

कुणी विचारील, महाडच्या एका बँकेत काउंटरवर बसणाऱ्या, वीरला राहणाऱ्या बी. कॉम. माणसाचा जावाशी संबंध काय? संबंध दोन आहेत. पहिला रक्ताचा. माझा सख्खा भाचा हिंजवडीला एका कंपनीत जावा लिहितो. दुसरा संबंध शिक्षेचा. नवा प्रोग्राम आला की आमच्या बँकेत दोन-चार कारकुनांना मुंबईला बोलावून एका थंडगार खोलीत बसवतात आणि 'वापरून पाहा, ठीक असेल तर सही करा' म्हणतात. याला 'युजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग' असं भारदस्त नाव आहे. प्रकार कांदेपोह्यांच्या कार्यक्रमासारखाच. फरक एवढाच की इथे लग्नपत्रिका आधी छापून झालेली असते आणि मग विचारतात, पसंत आहे ना? या खोलीत माझ्या तीन खेपा झाल्या. तेवढ्यात मी जे शिकलो ते भाच्याला चार वर्षांच्या डिग्रीत कुणी शिकवलेलं दिसत नाही.

सेशन म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा पितळी टोकनाने शिकवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा टोकनं अजून शाबूत होती. ग्राहक चेक देई, कारकून त्याला नंबर कोरलेलं पितळी टोकन देई आणि चेकच्या पाठीवर तोच नंबर लिही. मग चेक आत फिरे: लेजर, सही-पडताळणी, अधिकारी, कॅशियर. ग्राहक बाकावर बसून पंख्याकडे बघे. शेवटी पिंजऱ्यातून कॅशियर ओरडे, 'टोकन नंबर सत्तावीस!' कॅशियर माणसाला ओळखत नसे, तो टोकनाला ओळखे. सख्खा मेहुणा समोर उभा असला तरी 'टोकन?' म्हणून हात पुढे करणारे हेडकॅशियर मी पाहिले आहेत.

वेबचा मूळ कारभार हा असाच, किंबहुना जास्त विसराळू. तुम्ही एक पान मागितलंत, त्याने दिलं, संपलं नातं. दुसरं पान मागायला गेलात की पुन्हा 'आपण कोण?' म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉंटुली नावाच्या गृहस्थांनी 'कुकी' काढली. सर्व्हरने ब्राउझरकडे एक चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती दर खेपेला दाखवायची. पुढच्याच वर्षी जावा भाषा जगासमोर आली आणि तिच्या वेबच्या कारभारात या चिठ्ठीवर 'जेसेशनआयडी' असं नाव आणि त्यापुढे एक लांबलचक नंबर येऊ लागला. हेच आपलं टोकन! आत सर्व्हरवर त्या नंबराचा एक खण असतो. त्या खणात तुमचं नाव, खातं, अर्धवट भरलेला फॉर्म, सगळं कोंबून ठेवलेलं असतं. टॉमकॅट नावाचा जो सर्व्हर घरोघरी चालतो, त्याची मूळची मुदत तीस मिनिटं. अर्धा तास तुम्ही हाललात नाहीत की खण रिकामा होतो आणि पारायण समाप्त.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. दुपारचा डबा खाऊन परत येईपर्यंत कुणाचंही खातं उघडं राहू नये, हे मलाही पटतं. तक्रार खणाच्या व्यवस्थेबद्दल आहे.

या खणात वस्तू ठेवताना तिला नावाची चिठ्ठी लावायची आणि काढताना त्याच नावाने मागायची. ठेवणाऱ्याने 'खातेक्रमांक' लिहिलं आणि काढणाऱ्याने मधे एक जागा सोडून 'खाते क्रमांक' मागितलं, की खण म्हणतो, 'असं काही नाही बुवा.' या 'काही नाही'ला 'नल' म्हणतात. हा नल टोनी होअर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली जन्माला घातला आणि २००९ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, तो आपला अब्ज डॉलरचा घोटाळा होता म्हणून जाहीर माफी मागितली. (आमच्याकडे चव्वेचाळीस वर्षांनी माफी मागायला ऑफिसर नोकरीत नसतो, असला तर त्याला आठवत नसतं.) एरवी एक अर्धविराम विसरला तरी आकाशपाताळ एक करणारा जावाचा कंपायलर या नावांच्या गफलतीपुढे मात्र ढिम्म गप्प बसतो. त्याच्या दृष्टीने दोन्ही नावं म्हणजे नुसती अक्षरं. गफलत कळते ती थेट ग्राहकाच्या पडद्यावर.

म्हणजे जिथे कंपायलर झोपतो, तिथे माणसाने जागं राहायला हवं की नको? शाळेत तिसरीत गुणाकार झाल्यावर गुरुजी ताळा पाहायला लावत. आकड्यांची बेरीज करा, पुन्हा बेरीज करा, दोन्हीकडे जुळते का बघा. ताळा जुळला म्हणजे गुणाकार बरोबर असेलच असं नाही, पण जुळला नाही तर चूक नक्की. युनिट टेस्ट म्हणजे हाच ताळा. प्रोग्रामचा एक लहानसा तुकडा घ्यायचा, त्याला ठरलेलं खायला घालायचं आणि ठरलेलं उत्तर येतं का बघायचं. यासाठी जावात 'जेयुनिट' आहे. केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानातच तो लिहायला घेतला. विमानाऐवजी ही दोघं दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीत बसली असती, तर वाटेतल्या क्रॉसिंगांना सगळ्या जगाचे प्रोग्राम तपासून झाले असते.

पण सेशनचं नाव काढलं की भाचा कानावर हात ठेवतो.

'मामा, तुम्हाला कळत नाही. सेशन टेस्ट करायचं म्हणजे सर्व्हर चालू हवा, ब्राउझर हवा, कुणीतरी लॉगिन केलेलं हवं. युनिट टेस्टमध्ये हे सगळं कुठून आणू?'

'मग आता काय करता?'

'मॅन्युअली चेक करतो.'

म्हणजे स्वतः लॉगिन करतो, तीन बटणं दाबतो, पान उघडलं की 'चालतंय' म्हणतो आणि चहाला जातो. हे म्हणजे लेजरचं पहिलं पान बरोबर आहे म्हणून तेरीज जुळली असं जाहीर करणं झालं. ऑडिटरने ऐकलं तर जागीच राजीनामा देईल!

खरं म्हणजे सर्व्हर लागतच नाही. आमच्याकडे गावच्या नाटकाच्या तालमी बघा. प्रतापगड पोलादपूरवरून घाट चढला की लागतो, त्यामुळे अफझलखानाचा प्रवेश आमच्या भागात भलताच लाडका. पण तालमीत बिचवा नसतो, छत्रीची मूठ असते. खानाचा अंगरखा नसतो, बनियन असतं. तरीसुद्धा संवाद पाठ आहे की नाही आणि खान वेळेवर पडतो की नाही, हे छत्रीनेही पक्कं कळतं. प्रोग्रामरांच्या जगात या छत्रीला 'मॉक' म्हणतात. स्प्रिंग नावाच्या चौकटीत तर 'मॉकएचटीटीपीसेशन' असं तयार खोटं सेशन मिळतं. त्यात हवं ते ठेवा, हवं ते काढा, हवं तेव्हा मारून टाका. सगळा खेळ सेकंदाच्या आत. मुदत संपल्यावर काय होतं हे बघायला तीस मिनिटं जांभया देत बसायचीही गरज नाही. २०१४ साली आलेल्या आठव्या जावापासून घड्याळसुद्धा खोटं देता येतं. काटे हाताने पुढे सरकवायचे की झालं.

तालमीत काय काय बघायचं, याची यादी मी त्या थंडगार खोलीत बिस्किटाच्या पुड्यावर लिहिली होती. खण रिकामा असताना पान मागितलं तर प्रोग्राम नीट बोलतो, की तोंडावर आपटतो? सेशन मारून टाकल्यावर त्याच खणात हात घातला, तर जावा 'इल्लीगल स्टेट' म्हणून किंचाळतो. ती किंचाळी कुणी ऐकून घेतो का? लॉगिनच्या आधीचा टोकन नंबर आणि लॉगिननंतरचा नंबर वेगळा आहे ना? हा प्रश्न फार महत्त्वाचा. बाकावरच्या चोराने आधीच टोकन घेऊन ते तुमच्या खिशात सरकवलं आणि तुमची ओळख पटल्यावरही नंबर तोच राहिला, तर कॅशियर 'सत्तावीस' म्हणून ओरडल्यावर पिंजऱ्याशी आधी कोण पोहोचेल? ओळख पटली की नंबर बदलायची सोय सर्व्हलेटच्या २०१३ सालच्या आवृत्तीत एका ओळीत दिलेली आहे. तो बदलला का हे बघणारी टेस्ट फार तर पाच ओळींची. पाच ओळी! रजेचा अर्ज याहून मोठा असतो.

आता फीची गोष्ट सांगतो, म्हणजे मला एवढा राग का आहे ते कळेल.

पोलादपूरकडच्या एका वाडीतला माणूस आमच्या काउंटरवर आला. मुलगी कॉलेजात. फी साडेचार हजार, शेवटची तारीख. मुलीने बापाच्या खात्यातून आमच्या बँकेच्या पानावरून पैसे भरले. घाटातलं नेटवर्क ते, आलं-गेलं. बटण दाबलं, चक्र फिरलं आणि सेशन समाप्त. पोरीने कृपया पुन्हा लॉगिन केलं, कृपया पुन्हा फॉर्म भरला आणि कृपया पुन्हा पैसे भरले. दोन्ही वेळा पैसे गेले.

'सायेब, फी एकदा भरायची व्हती, दोनदा कशी गेली?' तो विचारत होता. आवाज चढलेला नव्हता. आमच्या भागातली माणसं बँकेत आवाज चढवत नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त त्रास होतो. साडेचार हजार म्हणजे त्याच्या घरातला लावणीचा सगळा पैसा. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात फसलेल्या व्यवहारांना मुदती घालून दिल्या आहेत. एटीएममधून नोटा न येता पैसे वजा झाले तर पाच दिवसांत परत, नाहीतर पुढे रोज शंभर रुपये भरपाई. पण इथे फसलंय काय? संगणकाच्या लेखी दोन्ही व्यवहार झकास यशस्वी! अपयशी होता तो फक्त बाप. अर्ज, कॉलेजचं पत्र, पुन्हा अर्ज. एसटीने चार हेलपाटे आणि चार दिवसांची मजुरी. पैसे आले, पण तोवर लावणी उधारीवर झाली होती.

यात दोष घाटातल्या नेटवर्कचा नाही. नेटवर्क जाणारच. दोष असा की 'पैसे गेले' ही नोंद सेशनच्या खणात होती. खण रिकामा झाल्यावर प्रोग्रामला स्वतःचंच कर्तृत्व आठवेना. सेशनमध्ये तेवढंच ठेवावं, जे हरवलं तर कुणाला रडावं लागणार नाही. पैशाची नोंद लेजरात, म्हणजे डेटाबेसमध्ये, आणि प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारा नंबर, चेकला असतो तसा. एकच चेक दोनदा वटत नाही, मग एकच फॉर्म दोनदा का वटावा? आणि याची टेस्ट? खोटं सेशन घ्या, फॉर्म पाठवा, सेशन मारा, नवं सेशन घ्या, तोच फॉर्म पुन्हा पाठवा, पैसे एकदाच गेले का बघा. तालीम अर्ध्या तासात लिहून होईल. त्या माणसाचे चार दिवस गेले.

मी भाच्याला हे सगळं ऐकवल्यावर तो जरा वरमला आणि दुसऱ्या टोकाला गेला. महिनाभराने फोन आला, 'मामा, आता आमच्या नव्वद टक्के कोडला टेस्ट आहेत!' मी त्या बघायला मागितल्या. पाहतो तर सेशन खोटं, खातं खोटं, डेटाबेस खोटा आणि हिशेबसुद्धा खोटा! छत्रीने छत्रीचा कोथळा काढलेला. अशा टेस्टा कायम पास होतात, कारण त्यात खरं पात्रच नसतं. याचं कारणही भाच्यानेच सांगितलं. त्यांच्या प्रोग्राममध्ये व्याजाचा हिशेब करणारं कलमसुद्धा सेशनच्या खणात हात घालतं. मी म्हटलं, अरे, कॅशियर टोकन बघतो, पण व्याज काढणारा कारकून टोकन मागतो का कधी? त्याला मुद्दल द्या, दर द्या, मुदत द्या, बस्स. सेशनला हात लावायचा तो दारावरच्या एकाच माणसाने. त्याने खणातून वस्तू काढाव्यात, नावं तपासावीत आणि आत साध्या कागदावर लिहून द्याव्यात. मग आतल्या हिशेबाला छत्रीही लागत नाही, नुसता ताळा पुरतो. छत्री लागेल ती दारावरच्या माणसापुरती. एवढी साधी कामाची वाटणी आमच्या बँकेत संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. युनिट टेस्टने सगळं पकडलं जात नाही. रोह्यापासून वीरपर्यंत रेल्वेचा मार्ग २०२१ साली दुहेरी झाला आणि वीरच्या पुढे तो पुन्हा एकेरी होतो. दोन रूळ जिथे एक होतात, तिथे कुणीतरी एक गाडी थांबवावी लागते. पूर्वी एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला गोळा देत, तेही टोकनच. गोळा हाती नसेल तर पुढच्या टप्प्यात गाडी न्यायची नाही. ब्राउझरच्या दोन खिडक्या उघडून एकीत मुदत ठेव आणि दुसरीत आवर्ती ठेव भरणाऱ्या ग्राहकाचं असंच होतं. खिडक्या दोन, पण टोकन एक आणि खण एक. नंतरच्या खिडकीने आधीच्या खिडकीचा फॉर्म पुसला, तर बटण कुठल्या ठेवीचं दाबलं गेलं हे देव जाणे. एकामागोमाग दोन खिडक्यांची तालीम युनिट टेस्टमध्ये घेता येते. पण दोन विनंत्या अगदी एकाच क्षणी खणावर धडकल्या, तर छत्रीला काही कळत नाही. ब्रायन गोएट्झ या जावातल्या जाणत्या माणसाने २००८ सालीच, सेशनमध्ये माल ठेवणारे सगळेच वेब प्रोग्राम मोडके आहेत की काय, असा सवाल मथळ्यातच टाकला होता, तो याच टकरीमुळे. आणि ८ मार्च २०२१ रोजी गिटहबसारख्या बड्या कंपनीने आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना एकदम बाहेर काढलं, कारण क्वचित प्रसंगी एकाचं सेशन भलत्याच्याच ब्राउझरला जात होतं. प्रमाण ०.००१ टक्क्याहूनही कमी. त्यांचा प्रोग्राम रूबी भाषेतला, पण रोग हाच. तेवढ्यासाठीही त्यांनी सगळ्यांची टोकनं परत घेतली. आमच्याकडे एवढ्या प्रमाणाला 'आयसोलेटेड केस' म्हणतात आणि फाइल बंद करतात.

म्हणून अशा टकरींसाठी खरा सर्व्हर उभा करून वेगळ्या चाचण्या कराव्याच लागतील. पण 'टेस्टने सगळं पकडलं जात नाही, म्हणून टेस्टच नको' हा युक्तिवाद मला त्या थंडगार खोलीत तीनदा ऐकवला गेला आहे. छत्री मुसळधार पावसात कमरेखाली भिजू देते, म्हणून महाडात जुलै महिन्यात कुणी छत्री टाकून दिलेली मी पाहिली नाही.

मी संगणकाच्या विरोधात आहे असंही कुणी समजू नये. २०२१ च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, तेव्हा गावात कागद म्हणून जे होतं त्याचा लगदा झाला; पण लोकांच्या खात्यांतली शिल्लक दूर कुठल्यातरी सर्व्हरवर कोरडी होती. लेजरं असती तर आम्ही आजतागायत पानं वाळवत बसलो असतो. ज्याने एवढं सांभाळलं, त्याला एका पोरीची फी सांभाळता येऊ नये?

सध्या परिस्थिती अशी आहे. नव्या पानाचं 'ॲक्सेप्टन्स' झालं. फॉर्मवर बाकी तिघांच्या सह्या झाल्या आहेत, चौथी जागा माझी. मी लिहून मागितलं आहे की सेशन मेल्यावर तोच फॉर्म पुन्हा आला तर काय होतं, त्याची टेस्ट दाखवा. वरून दोनदा फोन आला, 'साहेबांना शुक्रवारी लाइव्ह करायचंय, तुमच्यामुळे अडलंय.' आज बुधवार आहे. फॉर्म माझ्या खणात आहे, आणि त्या खणाला तीस मिनिटांची मुदत नाही.